जिम्नी: डांबरावर किती, चिखलात किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. राहायला कोथरूडला, गाव भोरच्या पलीकडे. गावाआधीचे शेवटचे चार किलोमीटर कच्चे, त्यात एक ओढा आणि ओढ्यानंतर लगेच खडा चढ. घरात माणसं चार: तुम्ही दोघं, दहावीतला मुलगा आणि तुमच्या आई. महिन्यातून दोन-तीनदा गाव, वर्षातून दोनदा संभाजीनगर, बाकी रोजचं ऑफिस. अशा वापराला मारुती सुझुकीची पाच दारांची जिम्नी घ्यावी, की तेवढ्याच पैशांत मिळणारी, दिसायला मोठी पण फक्त पुढच्या चाकांवर चालणारी एसयूव्ही?

मी गेली एकवीस वर्षं फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या, गाड्या चालवतोय, त्यातली तेरा वर्षं दुसऱ्यांना शिकवतोय. सुरुवात एका जुन्या जिप्सीवर झाली. जिम्नी माझ्याकडे २०२३च्या पावसाळ्याअखेर आली आणि आजवर तिने एकेचाळीस हजार किलोमीटर केलेत. त्यातले सदतीस हजार तरी डांबरावरचेच असतील. हे आधी सांगतो, कारण तुमच्या बाबतीतही हिशेब साधारण असाच निघेल. गाडी रानवाटेसाठी घेतली तरी आयुष्य तिचं रस्त्यावरच जातं.

माझं मत: तुम्ही जिम्नी घ्या, मॅन्युअल घ्या. पण संभाजीनगरच्या दोन फेऱ्या आणि मागच्या सीटवरच्या आई, या दोन गोष्टींचा नीट विचार करून घ्या. या गाडीत जे आवडतं आणि जे खुपतं, ते सगळं एकाच मुळातून येतं. ती हलकी आहे, अरुंद आहे आणि चासीवर, म्हणजे वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर, बांधलेली आहे. एवढं डोक्यात ठेवलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

आधी आकडे. लांबी ३९८५ मिलिमीटर, रुंदी १६४५, उंची १७२०, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २५९०. वजन १२०० किलोच्या आसपास. इंजिन १४६२ सीसीचं, चार सिलिंडरचं साधं पेट्रोल, टर्बो नाही. ताकद १०३ बीएचपी, टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायचा जोर, १३४ न्यूटन मीटर. २०२३च्या जूनमध्ये आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत १२.७४ लाखांपासून सुरू होत होती. त्या पैशांत टर्बो इंजिन, मोठी डिकी आणि काचेचं छप्पर मिळत असताना हे आकडे वाचून पुष्कळांचा हिरमोड झाला. मला तो समजतो. पण हेच आकडे जरा तुमच्या गावाच्या वाटेवर नेऊन बघा.

भातलावणीच्या दिवसांत मावळ-भोरकडच्या वाटांवर ट्रॅक्टर फिरून फिरून खोल चाकोऱ्या पडतात. वर चार बोटं मऊ चिखल, खाली घट्ट मुरूम. अशा ठिकाणी गाडीची ताकद दुय्यम असते. ती रुतते किती, हा खरा प्रश्न. दोन टनांची गाडी स्वतःच्या वजनानेच पोटापर्यंत खाली जाते आणि मग तीनशे न्यूटन मीटरचा टॉर्क चाकं जागच्या जागी फिरवत आणखी खड्डा खणतो. जिम्नी त्याच चिखलावरून बऱ्यापैकी वरचेवर निघून जाते. आणि रुतलीच, तर चार माणसं आणि एक फावडं पुरतं. मी स्वतः असं तीनदा केलंय. जड गाडी रुतली की ट्रॅक्टर शोधत गाव पालथं घालावं लागतं.

रुंदीचंही तसंच. महिंद्राची थार १८२० मिलिमीटर रुंद आहे, म्हणजे जिम्नीपेक्षा पाऊण वीत जास्त. कागदावर ही पाऊण वीत किरकोळ वाटते. पण एका बाजूला दगडी गडगा, दुसऱ्या बाजूला खाचर आणि समोरून जीप आली की तेवढ्यावरच सगळं ठरतं. जपानमध्ये १९७० साली पहिली जिम्नी आली ती अवघ्या ३६० सीसी इंजिनाची होती. तिथल्या अरुंद डोंगरी वाटा आणि बर्फाळ गावं यांच्यासाठी छोटी गाडी हीच गरज होती. आपल्याकडे गुरुग्रामला बनणारी पाच दारांची जिम्नी जानेवारी २०२५मध्ये ‘नोमाड’ या नावाने जपानमध्ये जाहीर झाली, तेव्हा काही दिवसांतच सुमारे पन्नास हजार ऑर्डरी आल्या आणि कंपनीला बुकिंग थांबवावं लागलं. आपल्याकडे मात्र ‘एवढ्याशा गाडीला एवढे पैसे?’ हाच सूर जास्त ऐकू येतो. आपण अजूनही गाडीची किंमत तिच्या आकारावर लावतो, हे मला मनापासून खटकतं.

आता गाडीच्या खाली वाकून बघा. शोरूममध्ये हे कुणी करत नाही, तुम्ही जरूर करा. शिडीसारखी चासी दिसेल आणि पुढे-मागे दोन्हीकडे सॉलिड अ‍ॅक्सल, म्हणजे डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत सलग एकच नळा. जिप्सीलाही असेच अ‍ॅक्सल होते, पण लोखंडी पाट्यांच्या स्प्रिंगवर बसवलेले. त्यामुळे रिकाम्या गाडीत माणूस सीटवरून उडायचा. जिम्नीला कॉइल स्प्रिंग आहेत. सॉलिड अ‍ॅक्सलचं वैशिष्ट्य असं, की एक चाक दगडावर चढून वर गेलं की दुसरं तितकंच खाली रेटलं जातं, म्हणून ते जमीन सोडत नाही. शहरी एसयूव्हीत निदान पुढचं प्रत्येक चाक स्वतंत्र असतं. डांबरावर ते फार सुखाचं, पण खाचखळग्यात एखादं चाक लवकर हवेत लटकतं.

ग्राउंड क्लिअरन्स २१० मिलिमीटर आहे. शहरी गाड्याही आता दोनशेचा आकडा सांगतात, मग फरक काय? फरक असा, की स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत पाच माणसं आणि सामान भरून ती खड्ड्यात दबली की पोट खाली येतं आणि ते दोनशे प्रत्यक्षात बरेच कमी होतात. सॉलिड अ‍ॅक्सलच्या गाडीत सगळ्यात खालचा भाग म्हणजे अ‍ॅक्सलमधला डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना कमी-जास्त वेगाने फिरू देणाऱ्या गिअरपेटीचा) गोळा. तो चाकांना जोडलेला असल्यामुळे गाडी कितीही दबली तरी जमिनीपासून त्याचं अंतर तेवढंच राहतं. म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना पहिला धडा हा असतो: वाटेत मोठा दगड आला तर तो दोन चाकांच्या मधून काढू नका, चाक त्याच्यावर चढवा. चाक दगडावर चढलं की अ‍ॅक्सल उचलला जातो आणि गोळा सुटतो. गाडी चालवण्याची वीस वर्षांची सवय नेमकी उलटी असते, त्यामुळे हे अंगवळणी पडायला दोन दिवस लागतात.

एक जागा अशी आहे जिथे पाच दारांची जिम्नी तिच्या तीन दारांच्या भावंडापुढे कमी पडते. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर त्या गाडीपेक्षा ३४० मिलिमीटर जास्त असल्यामुळे उंच बांध ओलांडताना पोट टेकतं. पुढचा कोन ३६ अंशांचा आहे, मागचा तर त्याहून बराच मोठा, म्हणून नाक किंवा शेपूट सहसा घासत नाही. पोटाखालचा कोन मात्र २४ अंशांचाच. बांध सरळ ओलांडण्याऐवजी थोडा तिरका घ्यायचा, म्हणजे एकेक चाक चढतं-उतरतं आणि पोट वाचतं. तीन दारांची गाडी आपल्याकडे विकायला आलीच नाही, २०२१पासून ती इथून फक्त निर्यात होत होती. तुमच्या घरात चार माणसं असल्यामुळे तुम्हाला तिचा तसाही उपयोग नव्हता.

आता त्या छोट्या लिव्हरबद्दल. गिअरजवळचा तो दुसरा दांडा म्हणजेच या गाडीचे निम्मे पैसे. त्याला तीन जागा आहेत. टू-हायमध्ये फक्त मागची चाकं चालतात, रोजचा रस्ता यातच चालवायचा. फोर-हायमध्ये पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी पक्की जोडली जातात, मध्ये सूट द्यायला डिफरन्शियल नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा पल्ला कापतात. चिखलात किंवा मुरमावर तेवढी घसरून ती हिशेब जुळवतात, कोरड्या डांबरावर घसरायला जागाच नसते. मग सगळा ताण ट्रान्सफर केस (पुढे-मागे ताकद वाटणारी पेटी) आणि अ‍ॅक्सलवर येतो, स्टीअरिंग जड होतं, गाडी आवळून धरल्यासारखी वाटते. म्हणून फोर-हाय फक्त सैल किंवा निसरड्या जमिनीवर. चालत्या गाडीत, चाकं सरळ ठेवून आणि ताशी शंभरच्या आत ते टाकता येतं. पाऊस लागला म्हणून वरंधा घाटात डांबरावर फोर-हाय टाकून निर्धास्त उतरणारे लोक मी बघितलेत. चारही चाकांना ताकद मिळाली म्हणून ब्रेक लवकर लागत नाही. थांबायला तेवढीच जागा लागते.

तिसरी जागा फोर-लो. ही गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून टाकायची. यात प्रत्येक गिअर साधारण दुप्पट खालचा होतो. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे छत्तीसेक फेरे होतात तेव्हा चाकाचा एक फेरा होतो. नुसत्या आयडलिंगवर गाडी ताशी तीन किलोमीटरच्या आसपास चालते, म्हणजे डोक्यावर भारा घेतलेला माणूस चढावर चालेल तितकी.

गेल्या वर्षी जुलैत एक गृहस्थ माझ्याबरोबर होते. पंचवीस वर्षं गाडी चालवणारे, हात अगदी तयार. तुमच्या वर्णनातल्यासारखाच चढ होता: शेणामातीचा, वरून पाऊस, मध्ये एक उघडा दगड. टू-हायमध्ये त्यांनी तीन वेळा प्रयत्न केला. तिन्ही वेळा दगडापाशी चाक फिरलं, गाडी मागे आली आणि क्लचचा तो जळका, कडवट वास केबिनमध्ये भरला. मी त्यांना थांबायला सांगितलं. फोर-लो टाकला, पहिला गिअर, क्लच सोडला आणि मग म्हटलं, दोन्ही पाय मागे घ्या आणि सीटखाली ठेवा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण पाय घेतले. गाडी स्वतःच्या स्वतः चढू लागली. दगडापाशी जराशी थबकली, इंजिनाचा आवाज किंचित खाली गेला, मग पुढचं चाक चढलं, मागचं चढलं, आणि ती वर. वर पोचल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच विचारलं, ‘म्हणजे मी एवढी वर्षं उगाच रेस देत होतो?’ लो रेंज सावकाशीसाठी असते. रेस देऊन चढायची वेळ आली, तर बहुतेकदा वाट किंवा गिअर चुकलेला असतो.

पुढच्या चाकांवर चालणारी एसयूव्ही तुमच्या त्या चढावर का अडेल, तेही सांगतो. चढावर गाडीचं वजन मागे सरकतं. पुढची चाकं हलकी होतात, आणि ताकद जाते ती त्याच हलक्या झालेल्या चाकांना. कोरड्यात चालून जाईल. पावसाळ्यात, तेही ओढ्यातून ओल्या टायरांनी बाहेर पडल्या पडल्या, चाकं जागेवर फिरतील. ओढा ओलांडला की थांबायला जागा नाही आणि लगेच चढ आहे असं तुम्ही लिहिलंय. म्हणूनच मी फक्त पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा पर्याय तुमच्यासाठी बाजूला ठेवतोय. तोच रस्ता सपाट असता, तर मी तुम्हाला उलटा सल्ला दिला असता.

डिफरन्शियल लॉकबद्दल, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र जखडून फिरवणाऱ्या सोयीबद्दल, लोक हमखास विचारतात. जिम्नीला यांत्रिक लॉक नाही. थारच्या काही मॉडेलांना मागे तो मिळतो. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखाला तर पुढे-मागे दोन्हीकडे. जिम्नीत हे काम ब्रेक करतात: जे चाक हवेत फिरतं त्याला गाडी आपोआप ब्रेक लावते, म्हणजे ताकद समोरच्या चाकाकडे वळते. कोपऱ्यातली दोन चाकं तिरकी खड्ड्यात लटकली की नवा ड्रायव्हर घाबरतो. चाक फिरतंय, गाडी हलत नाही, खालून टर्रर्र-टर्रर्र असा आवाज येतोय. काहीतरी मोडलं असं वाटून तो पाय काढतो. नेमकं तेच करायचं नाही. तो आवाज ब्रेकच्या कामाचा असतो. अ‍ॅक्सिलरेटर जिथे आहे तिथेच, न वाढवता न सोडता धरून ठेवायचा आणि मनात एक, दोन, तीन मोजायचं. बहुतेक वेळा दोनच्या आसपास गाडी हळूच पुढे सरकते. एकदा हे जमलं की भीती जाते. लोमध्ये ईएसपी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) बंद होतं, पण हे काम चालू राहतं.

आता डांबर. इथे तिचा हलकेपणा उलटा फिरतो.

पाचव्या गिअरमध्ये ताशी शंभरला इंजिन तीन हजारांच्या वर फिरत असतं, कारण गिअर डोंगर चढण्याच्या हिशेबाने बसवलेत आणि सहावा गिअर नाही. आवाज सतत कानावर असतो. उभट अंग आणि कमी वजन, त्यामुळे एक्सप्रेसवेवर मोठी बस शेजारून गेली किंवा दरीवरच्या पुलावर आडवा वारा आला की गाडी हलकीशी ढकलली जाते. धोका नाही, पण दोन्ही हात स्टीअरिंगवर लागतात. सातारा रस्त्यावर ट्रकला ओव्हरटेक करायचं तर पाचव्याचा तिसरा करावा लागतो, चौघं बसलेले असताना तर आधीपासून तयारी ठेवावी लागते. नव्वदच्या आसपास चालवा, ती खूश असते आणि तुम्हीही. संभाजीनगरच्या प्रवासाला तुमच्या आत्ताच्या गाडीपेक्षा अर्धा-पाऊण तास जास्त धरा.

स्टीअरिंगबद्दल तक्रारी खूप ऐकाल. मधोमध थोडं सैल वाटतं, वळवून सोडल्यावर पटकन परत येत नाही. याचं कारण आत रिसर्क्युलेटिंग बॉल पद्धतीचा स्टीअरिंग बॉक्स आहे, शहरी गाड्यांसारखी रॅक-पिनियन नाही. ही पद्धत जुनी आणि डांबरावर आळशी. पण चाक अचानक दगडावर आदळतं तेव्हा रॅक असलेल्या गाडीत तो झटका थेट हातात येतो, कधी अंगठा मुरगळतो. जिम्नीत तो झटका वाटेतच जिरतो. पहिले पाचशे किलोमीटर तुम्हाला हे स्टीअरिंग खटकेल, मग हात सवय करून घेतात.

सस्पेन्शन छोट्या खड्ड्यांवर डुलतं. चिरेबंदी स्पीडब्रेकरवर सरळ गेलात तर ठीक, एक बाजू आधी गेली तर सगळ्यांची डोकी डावी-उजवीकडे हलतात. पुढच्या सीटवर हे फारसं जाणवत नाही. मागे, अ‍ॅक्सलच्या जवळ बसलेल्या माणसाला जाणवतं. मोठ्या खड्ड्यांतून, तुटलेल्या रस्त्यावरून मात्र ती इतकी निवांत जाते की तुम्ही वेग कमी करायचं विसराल. भोरच्या पुढचा उखडलेला रस्ता आला की मला या गाडीत बरं वाटायला लागतं, हे खरं आहे.

मागची सीट दोघांचीच. नोंदणीच चार माणसांची आहे, त्यामुळे पाहुणा आला तर ‘जरा सरकून घ्या’ चालणार नाही. सीट उभट आणि खिडक्या मोठ्या असल्यामुळे बसल्यावर कोंडल्यासारखं होत नाही. डिकी सगळ्या सीट उभ्या असताना २०८ लिटरची. चौघांच्या दोन मोठ्या बॅगा नीट बसत नाहीत. गावाहून परत येताना तांदळाचं पोतं, आंब्याची पेटी असं येणार असेल, तर छतावर कॅरिअर लावावा लागेल आणि त्याने वाऱ्याचा आवाज आणखी वाढेल.

सुरक्षेबद्दल सरळ सांगतो. सहा एअरबॅग, ईएसपी, हिल होल्ड आणि उतारावर गाडी धरून ठेवणारी यंत्रणा सगळ्या मॉडेलांत आहे. २०१८ साली युरोपात तीन दारांच्या जिम्नीची धडक-चाचणी झाली, तेव्हा युरो एनकॅपने तिला पाचपैकी तीन तारे दिले होते. ती गाडी वेगळी, पण पाया तोच आहे. हे माहीत असूनच घ्या. उंच, अरुंद गाडी घाटाच्या वळणावर हॅचबॅकसारखी फेकायची नसते, हेही त्यातच आलं.

ऑटोमॅटिक चार गिअरची आहे, जुन्या पद्धतीची. रानवाटेवर, खास करून नवशिक्याला, ती मॅन्युअलपेक्षा सोपी जाते: क्लच जळत नाही, दगडावर गाडी थबकली तरी बंद पडत नाही. पुण्याच्या ट्रॅफिकमध्येही सुख. पण हमरस्त्यावर चार गिअर आणि हे इंजिन यांचा मेळ मला कधीच आवडला नाही. ओव्हरटेकच्या वेळी आवाज खूप, पिकअप थोडा. तुम्ही मॅन्युअल चालवत आलाय, म्हणून मॅन्युअल. कंपनीचा दाखला लिटरला १६.९४ किलोमीटरचा आहे. माझं अ‍ॅव्हरेज शहरात अकरा-बारा, हमरस्त्यावर नव्वदच्या वेगाने पंधरा. डोंगरात लोमध्ये दिवस गेला तर सहा-सातही होतं. टाकी चाळीस लिटरची आहे, म्हणून गावाला निघताना भरून निघा.

टायर १९५/८० आर१५, घडण डांबरी रस्त्यासाठीची. चिकण मातीत त्यांच्या खाचा भरतात आणि टायरचा गुळगुळीत लाडू होतो. सगळ्यात पहिला खर्च इथेच करा. २१५/७५ आर१५चे ऑल-टेरेन टायर उंचीला जवळजवळ तेवढेच असतात, त्यामुळे गिअर आणि स्पीडोमीटर फारसे बिघडत नाहीत. याहून मोठे, उंच टायर लावून फोटो छान येतो, पण आधीच बेताच्या इंजिनाचा दम निघतो. आणि टायरपेक्षाही स्वस्त उपाय हवेचा आहे. चिखल किंवा वाळू लागली की हवा अठरा-वीस पीएसआयवर आणा. टायर पसरतो, पकड वाढते, आतल्यांची हाडंही वाचतात. डांबराला लागण्याआधी दारावरच्या स्टिकरवर लिहिलेला दाब परत भरा. बारा व्होल्टचा छोटा कंप्रेसर सीटखाली मावतो. मी तो न घेता घराबाहेर पडत नाही.

तुमच्या ओढ्याबद्दल मला काळजी वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पावसाळ्यात पहिल्यांदा जाल तेव्हा आधी उतरून, काठी घेऊन स्वतः चालत ओलांडा. पाणी चाकाच्या मध्याच्या वर असेल तर थांबा. पाणी गढूळ आणि वाहतं असेल आणि तुम्हाला त्यात सरळ उभं राहता येत नसेल, तर गाडी घालायची नाही. चिखलात जो हलकेपणा वाचवतो, तोच वाहत्या पाण्यात घात करतो: हलकी, बंद दारांची गाडी लवकर तरंगते आणि चाकांखालची जमीन सुटते. थारसाठी ६५० मिलिमीटर खोल पाण्याचा आकडा कंपनी देते, गुरखाला कारखान्यातूनच स्नॉर्कल, म्हणजे इंजिनाला वरून हवा देणारा नळा, येतो. तो आकडा कुठल्याही गाडीचा असो, साचलेल्या पाण्याचा समजा, वाहत्या पाण्याचा नव्हे. ओढ्यातून जाताना फोर-लो, दुसरा गिअर, एकसारखा सावकाश वेग, मध्ये गिअर बदलायचा नाही. बाहेर आल्यावर दोन-तीनदा हलके ब्रेक दाबून ते वाळवा, मागचे ड्रम ब्रेक पाणी धरून ठेवतात. त्या दिवशी ओढा चढलेला असेल तर गाडी अलीकडच्या वाडीवर लावून चालत जा. एक तासाने बहुतेक वेळा पाणी उतरतं.

फेरफारांचा मोह होईल, गाडीच तशी आहे. पुढे लोखंडी बुल-बार लावू नका. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१७ सालीच त्यावर कारवाई करायला राज्यांना सांगितलंय. शिवाय एअरबॅगच्या सेन्सरच्या हिशेबात तो लुडबुड करतो आणि पायी चालणाऱ्याला जिवावर बेततो. त्याऐवजी एक चांगला ताणपट्टा, दोन शॅकल (पट्टा अडकवायच्या लोखंडी कड्या), हातमोजे आणि फावडं घ्या. गाडीला पुढे-मागे हूक आहेत. ओढायचं ते त्यांनाच, बंपरला किंवा अ‍ॅक्सलला कधीच नाही. पट्टा ताणलेला असताना त्याच्यावर ओलं पोतं किंवा चादर टाका आणि सगळ्यांना पट्ट्याच्या दुप्पट लांब उभं करा. तुटलेल्या पट्ट्याने समोरच्या गाडीची काच फुटताना मी बघितली आहे. त्या सीटवर नशिबाने कुणी बसलेलं नव्हतं.

आणि एक विनंती. फोर बाय फोर आली की पठारं खुणावतात. कासच्या पठारासारख्या जागी मातीचा थर वीतभरही नसतो, खाली सलग जांभा. त्यावर एकदा चाकोरी उमटली की पुढची कित्येक वर्षं तिथे फूल येत नाही. किनाऱ्याच्या वाळूतही नेऊ नका. तिथे कासवांची घरटी असतात, आणि खारं पाणी चासीच्या पोकळीत गेलं की गंज आतून सुरू होतो. जिथे वाट आहे तिथेच चालवा. सह्याद्रीत गावच्या वाटा काही कमी नाहीत.

थार घेऊ का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. डिझेल हवं असेल, महामार्गावर जोर हवा असेल तर पाच दारांची थार रॉक्स बघा. मागची सीट आणि डिकी दोन्ही जिम्नीपेक्षा कितीतरी मोठी. पण तुमच्या सोसायटीचं पार्किंग आणि गावातली ती बोळ, दोन्हींची रुंदी टेप लावून मोजा आणि मग ठरवा. तीन दारांची थार चार माणसांच्या कुटुंबाला, त्यातून वयस्कर माणसाला मागे चढायला, मी सुचवणार नाही.

आता शोरूमला जाल तेव्हा एकटे जाऊ नका. टेस्ट ड्राइव्हला चौघंही बसा. आईंना मागच्या दारातून स्वतःहून चढू द्या, हात देऊ नका. सीट जमिनीपासून किती उंच वाटते आणि गुडघा किती वाकवावा लागतो ते बघा. उड्डाणपुलाचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये घ्या. एखाद्या स्पीडब्रेकरवरून तिरके जा आणि मागे काय म्हणतात ते ऐका. परत आल्यावर मोकळ्या जागेत, खडी किंवा माती असेल तिथे, फोर-लो टाकून बघा. विक्रेत्याला तो टाकता येत नसेल तर पुस्तिका मागून घ्या, पण बघितल्याशिवाय येऊ नका. आई ‘चढायला जमतंय’ म्हणाल्या तर त्याच दिवशी बुक करा. नाही म्हणाल्या, तर बाजूच्या पायरीची जोडणी करून पुन्हा एकदा बसवून बघा. तरीही नसेल जमत, तर जिम्नीचा विचार सोडा आणि मला पुन्हा लिहा. मग तुमच्या त्या चढावर मुरूम टाकून घ्यायला काय लागेल, ते आपण बघू.